बेडकीचा पाला आणि गुळव्याची जीभ

आप्पा,

गेल्या आठवड्यात मलकापूरच्या पुढं रत्नागिरी रस्त्याच्या कडेच्या रानात मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींना घेऊन गेले होते. तिथं करवंदीच्या जाळीवर बेडकीचा पाला चढलेला सापडला. दरवर्षी सापडला की मी पोरांना एकेक पान चावायला लावते आणि मग पर्समधल्या डब्यातला गुळाचा खडा हातावर ठेवते. खडा तोंडात गेला की सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. गूळ गोड लागतच नाही, नुसती माती चघळल्यासारखं होतं. मग हसणं, ओरडणं, फोनवर चित्रफिती काढणं. यंदाही तसंच झालं. फक्त एका मुलीनं, गडहिंग्लजकडची आहे, जरा आगाऊच आहे, हसता हसता विचारलं, "मॅडम, आन् कुणाला न सांगता खायला घाटलं तर ओ?" सगळी पोरं खिदळली. मी म्हटलं, असं करायचं नसतं. माझा आवाज जरा चढला असणार, कारण खिदळणं एकदम थांबलं. परतीच्या बसमध्ये मी उचगावच्या फाट्यापर्यंत खिडकीकडं तोंड करून बसले. त्या दिवसापासून तुम्हाला लिहायचं चाललंय. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, हे मला कळतं. तरी लिहितेय.

हा वेल ओळखायचा कसा, ते आधी सांगते, कारण तुम्हाला ते कधी सांगितलंच नाही. तुम्ही कामाला जायचा त्या गुऱ्हाळाच्या मागच्या कुंपणावर तो होता आणि तुम्ही वर्षानुवर्षं त्याच्यावर धोतर वाळत घालत होता. पानं समोरासमोर येतात, जोडीजोडीनं. लांबट, टोकदार, बोटाच्या दोन पेरांएवढी. पान दोन बोटांत धरून चोळलं की मऊ लव लागते, वासराच्या कानासारखी. कोवळ्या फांदीवरही तीच लव. फुलं मोहरीएवढी बारकी, पिवळी, पानाच्या बगलेत झुबक्यानं येतात; मुद्दाम बघितल्याशिवाय दिसतही नाहीत. शेंग मात्र लपत नाही, बोकडाच्या शिंगासारखी निमुळती होत जाते, आणि वाळून तडकली की आतून कापूस उडतो. हरणदोडी याच्या भावकीतलीच, पोरं हमखास फसतात. पण तिचं पान मोठं, देठाशी खाच असलेलं, आणि फुलं हिरवट. एवढं करूनही शंका राहिली तर जिभेला विचारायचं. पान चांगलं चावायचं, मिनिटभर तोंडात घोळवायचं आणि वर साखर टाकायची. साखर वाळू झाली की तो बेडकीचाच पाला. अर्धा-पाऊण तास गोड कळत नाही. बाकी सगळं कळतं. आंबट, खारट, कडू, सगळं. फक्त गोडी जाते. हे शेवटचं मी वर्गात फार रंगवून सांगते.

तुमच्या जिभेबद्दल आता कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. पंचक्रोशीत रसाचा गूळ करणारे गुळवे पुष्कळ होते. काहिलीतला पाक पाण्यात टाकून त्याची गोळी वळते का बघणारे, वासावरून पाक आला सांगणारे. पण चरकातून पडणारा पहिला रस पेल्यात घेऊन, एक घोट तोंडात फिरवून, ऊस कुठल्या रानातला ते सांगणारे तुम्ही एकटेच. नदीकाठचा की माळावरचा, खत जास्त झालंय का, चार दिवस आधी पाणी पाजलंय का. त्या एका घोटावर आधणात, म्हणजे काहिलीत उकळायला घेतलेल्या रसात, चुन्याची निवळी किती घालायची ते तुम्ही ठरवायचा. निवळी कमी पडली तर गूळ धरत नाही, जास्त झाली तर काळा पडतो, हे मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आले. शेतकरी ऊस घालायच्या आधी तुमचे दिवस धरून ठेवायचे. "गुळव्या आधी ठरवा, मग तोड घ्या," असं म्हणायचे लोक. आपल्या घराला दुसरी कसली प्रतिष्ठा नव्हती. शेत तुकडाभर, घर पत्र्याचं. तुमची जीभ हीच काय ती आपली इस्टेट होती.

आणि मी त्या घरातून कोल्हापूरला बीएस्सी करायला गेले. तुम्ही अडवलं नाहीत, पण खूशही नव्हता. नर्सिंग कर म्हणत होता, नाहीतर डीएड. मी वनस्पतिशास्त्र घेतलं. दुसऱ्या वर्षी नमुन्यांची वही करायची होती, म्हणून मी रानोमाळ फिरून झाडंझुडपं आणायची, वर्तमानपत्रात घालून तुमच्या खाटेखाली दाबायची. एकदा पाहुणे आले होते. त्यांच्यासमोर तुम्ही खाटेखालून तो गठ्ठा ओढलात आणि म्हणालात, "ह्ये बघा पावणं, आमची पोरगी कालेजात जाऊन पाला वाळवाय शिकतीया. शेरडं उपाशी हायत आमची, आन् ह्यो पाला कागदात!" सगळे हसले. तुम्हीही हसलात, आईनं पदर तोंडाला लावला. तुमचं ते बोलणं गमतीचं होतं, हे आज मला कळतं. मीही माझ्या लेकाला असंच बोलते. पण एकोणीस वर्षांच्या पोरीला ते नाही कळलं. मी चहाचे कप आत नेले आणि मनाशी म्हटलं, एक दिवस या माणसाला दाखवीन, की त्याला माहीत नाही असंही काही असतं.

तो दिवस दिवाळीच्या सुट्टीत आला. सकाळचे आठ वाजले असतील. काहिलीखालचं चुलवाण पेटलेलं, उसाच्या शेंड्यांचा, वाड्यांचा ढीग पडलेला, चिपाडांवर ऊन. तुमचं तोंड आलेलं आहे, चार दिवस तिखट खाववत नाही, म्हणून तुम्ही कावलेले आहात. मी कुंपणावरून पाच-सहा पानं तोडून आणते आणि म्हणते, "आप्पा, ही चावा की. तोंड येतंय त्येला गुण येतो." हे खोटं होतं. मला तसं काही माहीत नव्हतं. बेत एवढाच होता की तुम्ही पानं चावायची, मी पदरातला गुळाचा खडा द्यायचा, तुम्ही चकित व्हायचं आणि मी म्हणायचं, बघा, पाला वाळवून हे कळतं. तुम्ही पानं हातात घेतलीत, उलटीपालटी केलीत आणि माझ्याकडं बघितलंत. "कालेजात शिकीवलं व्हय?" मी म्हटलं, "व्हय." तुम्ही सगळी पानं एकदम तोंडात टाकलीत. कडू लागली असणार, तुरटही, पण तोंड वाकडं केलं नाहीत. शेरडाच्या पाल्याला हसणारे तुम्ही, आणि लेकीनं दिलेला पाला औषध म्हणून निमूट चावत होता. तेव्हा मला जरा लाजच वाटली होती, हेही लिहून ठेवते.

खडा द्यायला मी हात पुढं करणार एवढ्यात चरक सुरू झाला आणि ऊसवाल्या शेतकऱ्यानं हाक मारली. ते तुमच्याच वयाचे, नदीकाठचे, त्यांच्या रानाचा त्यांना अभिमान. तुम्ही थुंकलात, चूळ भरलीत आणि चरकाकडं गेलात. पहिला रस पेल्यात घेतलात. घोट तोंडात फिरवलात. मग थांबलात आणि दुसरा घोट घेतलात, जे तुम्ही कधी करत नसायचा. गोडी काढून घेतली तर उसाच्या रसात उरतं काय? थोडा खार, थोडा आंबूसपणा, हिरवट वास. तुम्ही पेला खाली ठेवून म्हणालात, "खारं लागलंय रान. निवळी वाढवा."

नदीकाठच्या माणसाला त्याचं रान खारं लागलं म्हणणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. ते तरातरा आले. "काय म्हंतोस गुळव्या? माझं रान खारं?" ते स्वतः पेला भरून प्याले. मग चुलवाणावरचा माणूस प्याला, चरकावरचा प्याला. "गोड हाय की आप्पा. साखर हाय नुसती." तुम्ही सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलंत. पुन्हा पेला लावलात. आणि तुमचा तो हट्टी आवाज: "तीस वर्सं जीभ लावतोय ह्या कामाला. मला शिकवू नगा. निवळी वाढवा म्हंतोय न्हवं!" निवळी वाढवली. शेतकरी तोंड बंद करून बाजूला बसले, कारण गुऱ्हाळात गुळव्याच्या शब्दावर शब्द नसतो. मी वाड्यांच्या ढिगावर पुस्तक उघडून बसले होते. खडा माझ्या मुठीत चिकट झाला होता. आधण उतरायला तीन तास लागतात. त्या तीन तासांत मी एक वाक्य बोलले असते तर सगळं मिटलं असतं. लोक हसले असते, तुम्ही मला चार शिव्या घातल्या असत्या, निवळीचा घोळ भेंडीच्या पाण्यानं का होईना थोडाफार सावरला असतात. एक वाक्य.

दुपारी निवायला वाफ्यात ओतलेला गूळ काळपट लाल पडला. तुम्ही उलथण्याला लागलेली काकवी बोटावर घेऊन चाटलीत. तोवर जीभ परत आली होती. गोड लागली असणार, चांगलीच गोड, कारण तुमचा चेहराच उतरला. रान खारं नव्हतं, हे तुम्हाला कळलं. ऊसवाले शेतकरी भांडले असते तर बरं झालं असतं. ते भांडले नाहीत. तुमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वय झालं गड्या आता. व्हतंय आसं." तुमचं वय तेव्हा त्रेपन्न होतं, आप्पा. माझं आज पंचावन्न आहे.

त्या दिवसानंतर तुम्ही कधीच पाल्यावर संशय घेतला नाहीत, हे मला अजून पचत नाही. तुमच्यासारख्या माणसाला सरळ दिसायला हवं होतं. सकाळी नवीन पानं खाल्ली, पुढच्या घटकेत जीभ फसली, दुपारी परत आली. कुणा परक्यानं ती पानं दिली असती तर तुम्ही संध्याकाळपर्यंत त्याच्या दारात उभे राहिला असता. पण पाला लेकीनं दिला होता, कॉलेजात शिकलेल्या. तिच्या पाल्यावर शंका घेण्यापेक्षा तीस वर्षांच्या आपल्या जिभेवर शंका घेणं तुम्हाला सोपं वाटलं. आणि कहर म्हणजे आठ दिवसांनी तुम्हीच मला म्हणालात, "त्यो पाला हाय का गं पोरी आजून? तोंडाला लई बरं वाटलं बघ." मी म्हटलं, "त्येचा हंगाम संपला आप्पा." कुंपणावर तो हिरवागार होता. दुसऱ्या दिवशी पहाटेच मी जाऊन तो बुंध्यापासून कापला आणि चिपाडांच्या ढिगाखाली सारला. पुरावा नाहीसा करावा तसा. पुढच्या पावसाळ्यात तो बुडख्यातून परत फुटला. हे वेल असे सहजी मरत नाहीत.

मग स्वयंपाकघरातला तो रोजचा खेळ सुरू झाला. तुम्ही चुलीजवळ डोळे मिटून बसायचा आणि आईनं तुमच्या जिभेवर चिमूट ठेवायची. "मीठ." बरोबर. "साखर." बरोबर. "साखर." तेही बरोबर. आई वैतागायची, "पोराटोरागत काय मांडलंय सकाळच्या पारी? समदं वळखतासा की!" तुम्ही डोळे उघडून म्हणायचा, "हितं वळखतोय गं. थितं काहिलीम्होरं काय व्हईल त्येचा भरवसा न्हाय." मी सुट्टीला आलेली असायची, भाकरी थापत असायची, आणि माझ्या हातातली भाकरी परातीतच फाटायची. कोल्हापुरात डॉक्टरांनाही तुम्ही जीभ दाखवून आलात. त्यांनी तंबाखू सोडा म्हणून सांगितलं, ती तुम्ही एका दिवसात सोडलीत. चहात साखर घेणं सोडलंत, जीभ कोरी राहावी म्हणून. तरी पुढच्या हंगामात लोकांनी राधानगरीकडचा दुसरा गुळव्या आणला आणि तुम्ही चरकात ऊस घालायला बसलात. कुणी तुम्हाला तसं सांगितलं नव्हतं, तुम्ही स्वतःच जाऊन बसलात. नवा गुळव्या रस चाखायचा तेव्हा तुम्ही मान खाली घालून मोळी सोडत असायचा. मी एकदाच बघितलं ते. नंतर हंगामात मी गुऱ्हाळाकडं फिरकले नाही, अभ्यास आहे म्हणून सांगायची.

मला कॉलेजात नोकरी लागली तेव्हा तुम्ही पहिल्यांदा माझ्या खोलीवर आलात. हातात पिशवी, पिशवीत फडक्यात बांधलेली छोटी ढेप. बसायच्याही आधी ती सोडलीत, एक तुकडा तोडलात आणि माझ्यापुढं धरलात. "चव बघ. मला काय आता कळत न्हाय. चांगला हाय का, सांग." मी खाल्ला. आयुष्यात इतका चांगला गूळ मी खाल्ला नव्हता. "लई गोड हाय आप्पा." "खारा न्हाय न्हवं?" "न्हाय ओ." "बघ हां, नीट बघ. पोरास्नी वाटायचाय तुझ्या कालेजात." मी पुन्हा तुकडा तोंडात टाकला आणि मान हलवली. तुम्ही खूश झालात. एवढ्या मोठ्या गुळव्यानं गुळाची चव मला विचारली, आणि मी ती सांगितली, परीक्षकासारखी. त्या दिवशी खोलीत आपण दोघंच होतो. दार लोटलेलं होतं. कुणी ऐकायला नव्हतं. त्यापेक्षा सोपी वेळ मला पुन्हा मिळाली नाही. मी चहा ठेवायला उठले.

पुढं मी या वेलावर शिकवत राहिले. आता तर त्याला बरे दिवस आलेत. मधुमेहावर म्हणून पावडरी विकतात, शेजारच्या बाईंनी कुंडीत लावलाय. माझ्याकडं येऊन लोक विचारतात, हाच का हो तो, ओळखून द्या. मी पान उलटून लव दाखवते, शेंग दाखवते, डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नका म्हणून बजावते. अगदी जबाबदारीनं बजावते. पुस्तकात त्याची मराठी-संस्कृत नावं दिलेली असतात, गोडी मारणारा अशा अर्थाची. ती नावं मी फळ्यावर लिहिते आणि लगेच पुसून टाकते.

आई आता माझ्याकडंच असते, उचगावला. ऐकू कमी येतं, बाकी ठणठणीत. परवा माझ्या लेकाला सांगत होती, "तुझ्या आज्जाची आधी जीभ गेली, मग मानूस गेला. जीभ गेल्यावर त्येंनी मनच घेतलं न्हाय कशात." गावाकडंही हेच सांगतात. जुना गुळव्या, जीभ गेलेला. मी तिथंच शेंगा सोलत बसले होते. आजी गेली कित्येक वर्षं चुकीची गोष्ट सांगतेय आणि ती दुरुस्त करणारं माणूस हातभर अंतरावर आहे, हे त्या पोराला कुठून कळणार? तुमची जीभ गेली नव्हती, आप्पा. मरेपर्यंत ती शाबूत होती. तुमच्यावरचा तो बट्टा मी लावला, आणि तो पुसायला आजही उशीर झालेला नाही, कारण आई जिवंत आहे. मी पलीकडच्या खोलीत जाऊन, तिच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं बोलले तर पाच मिनिटांत होईल. आठवडाभर मी रोज उठून तिच्या दारापर्यंत जाते आणि औषध घेतलंस का विचारून परत येते. हे कागदही तिला वाचून दाखवणार नाही. कपाटात ठेवीन, किंवा फाडीन.

आजवर मी स्वतःला सांगत आले की मी घाबरले होते. लहान होते, तुमचा राग माहीत होता, लोक जमले होते. वाड्यांच्या ढिगावर बसून तीन तास गप्प राहिले त्याचं कारण भीती, असं मी स्वतःलाही पटवलं होतं, आणि वरती लिहितानाही तसंच भासवलं असेल. पण त्या मुलीनं रानात विचारलं, तेव्हा मला तो क्षण जसाच्या तसा दिसला. चुलवाणावरचा माणूस रस पिऊन "गोड हाय की" म्हणाला, आणि तुम्ही पेला हातात धरून सगळ्यांकडं बघत उभे होता, पहिल्यांदाच काही कळत नसलेले. तेव्हा मी घाबरले नव्हते, आप्पा. भीती नंतर आली. तेव्हा मला बरं वाटलं होतं.